बालीच्या बुकीत द्वीपकल्पावर राहायचं तर नक्की कुठे? नुसा दुआ, जिंबारान की उलुवातू

आर्या_७९:

नमस्कार मंडळी, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बालीला निघालोय. एकूण ७ रात्री, पहिल्या २ उबुदला बुक झाल्यात, उरलेल्या ५ समुद्राकाठी काढायच्या आहेत. कुटा-सेमिन्याकची गर्दी नको म्हणून विमानतळाच्या खाली जो द्वीपकल्पाचा तुकडा लोंबतो ना, बुकीत म्हणतात तो, तिथेच राहायचं एवढं ठरलंय आणि तिथेच सगळं अडून बसलंय.

आम्ही पाच जण. मी, नवरा, ८ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासरे ७४ चे, पण चालायला पक्के. सासूबाई ६९ च्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा कुरकुरतो, सपाटीवर हळूहळू बरंच चालतात पण जिने म्हटलं की चेहरा उतरतो. शिवाय त्या पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही. बाकी आम्ही मासे खाणारे.

नवरा म्हणतो नकाशावर तळहाताएवढं तर दिसतंय, कुठेही राहा, गाडी करून सगळीकडे जाता येईल. मला उलुवातूच्या कड्यावरच्या व्हिलांचे फोटो बघून मोह पडलाय, खाली निळं पाणी आणि काठावर छोटा स्विमिंग पूल. नणंद म्हणते नुसा दुआ नको, कंटाळवाणं आहे, नुसती हॉटेलंच हॉटेलं. जिंबारानबद्दल मासे सोडून कोणी काही सांगतच नाही.

मला खरं सांगायचं तर एकच गोष्ट हवीय. ऑपरेशननंतर सासूबाई समुद्रात उतरलेल्याच नाहीत, आणि तिकिटं काढल्यापासून तीनदा म्हणाल्यात की मला फक्त सकाळी पाण्यात पाय सोडून बसायचंय. ते रोज जमलं पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. जे राहून आलेत त्यांनी प्लीज सांगा.

दर्यावर्दी:

आर्या, तळहाताएवढं दिसतंय हे मीही पहिल्या खेपेला धरून चाललो होतो आणि फसलो. तीनदा राहून आलोय, तिन्ही वेळा वेगळ्या बाजूला, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

बुकीत म्हणजे त्यांच्या भाषेत टेकडी. अख्खं द्वीपकल्प म्हणजे चुनखडीचं पठार आहे, पाणी मुरून जातं, म्हणून वर सगळं कोरडं कोरडं, उबुदसारखी भातखाचरं इथे दिसणार नाहीत. एका चिंचोळ्या पट्टीने ते मुख्य बेटाला चिकटलंय आणि विमानतळ त्या पट्टीवरच आहे. आता तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर हे पठार पूर्वेकडे हळूहळू उतरत पाण्याला टेकतं, तिथे नुसा दुआ आणि त्याच्या वर निमुळती जीभ निघालीय ती तांजुंग बेनोआ. पश्चिमेला आणि दक्षिणेला मात्र ते एकदम तुटतं, सरळ कडा. उलुवातू, बिंगिन, पडांग पडांग, सुलुबान, ही सगळी त्या तुटलेल्या बाजूची नावं. फोटोत जे निळं पाणी दिसतं ते कड्याच्या तळाशी असतं आणि तिथवर जायला पायऱ्या. पडांग पडांगला तर दोन खडकांच्या मधल्या फटीतून उतरावं लागतं, समोरून कोणी आलं तर अंग चोरून उभं राहायचं. ग्रीन बोल नावाचा एक बीच आहे तिथे ३०० च्या वर पायऱ्या आहेत.

आम्ही आईला घेऊन गेलो होतो तेव्हा एका व्हिलाच्या जाहिरातीत बीच २०० मीटर असं लिहिलेलं. ते २०० मीटर खरेच होते, फक्त त्यातले बहुतेक खाली जाणारे होते. ओबडधोबड पायऱ्या, काही गुडघ्याएवढ्या उंच, कठडा अर्ध्यापर्यंतच. आई पहिल्या वळणापर्यंत आली, तिथल्या दगडावर बसली आणि म्हणाली तुम्ही जा मी इथून बघते. चार दिवस तिने समुद्र वरूनच बघितला. मला आजही तो दगड आठवतो. त्यामुळे तुमची पाय सोडून बसायची अट वाचली आणि लगेच लिहायला घेतलं. उलुवातूला संध्याकाळी एकदा जा, देवळात जा, राहू नका.

पूर्वेच्या बाजूला लाटा बाहेरच्या प्रवाळाच्या कडेवर फुटतात आणि आत पाणी शांत राहतं. ऑगस्ट म्हणजे सर्फिंगवाल्यांचा ऐन सीझन, त्या वेळी पश्चिमेला आणि दक्षिणेला लाटा जोरात असतात, ८ वर्षांच्या मुलीला तिथे पाण्यात सोडायची माझी तरी छाती होणार नाही.

शिंपला:

दर्यावर्दी म्हणतात ते उलुवातूबद्दल शंभर टक्के बरोबर, पण त्यावरून थेट नुसा दुआ हे मला पटत नाही. आर्याताई, तुमच्या नणंदेचं अगदीच चूक नाहीये. नुसा दुआ हे १९७० च्या दशकात आखून बांधलेलं आहे, वर्ल्ड बँकेच्या मदतीने, गावापासून बाजूला ठेवलेलं मोठं आवार, आत शिरताना गेटवर गाडी तपासतात, गाडीखाली आरसा फिरवतात. स्वच्छ आहे, हिरवळ आहे, पण बाहेर पडून दोन पावलांवर एखादं साधं वारुंग, म्हणजे तिथली खानावळ, हवी म्हटली तर आवाराबाहेर जावं लागतं. आम्हाला तिसऱ्या दिवशी आपण कुठल्या देशात आहोत हेच कळेनासं झालं.

आम्ही दुसऱ्या वेळी जिंबारानला राहिलो, तिथे पटलं. पश्चिमेला असून कडा नाही, लांबलचक वाकलेली पुळण आहे, वाळू सपाट, सूर्यास्त समोर. उत्तरेच्या टोकाला केदोंगानानचा मासळी बाजार, पहाटे रंगीत होड्या येतात, टोपल्या उतरतात, आम्ही रोज सकाळी तिथे जाऊन नुसते उभे राहायचो. संध्याकाळी वाळूवरच टेबलं मांडतात, नारळाच्या करवंट्यांवर मासे भाजतात, धुराने डोळे चुरचुरतात, आणि समोर विमानतळाची धावपट्टी समुद्रात घुसलेली, तिच्यावरून दिवे लावलेली विमानं एकामागे एक उठतात. माझ्या मुलाने तर जेवण सोडून विमानंच मोजली. विमानतळ जवळ म्हणजे परतीच्या दिवशी धावपळ नाही.

एक मात्र करा, मासा वजनावर असतो, तेव्हा काट्यावर ठेवला की तिथेच किलोचा भाव विचारा आणि टॅक्स-सर्व्हिस धरून किती तेही विचारून घ्या. आमच्या बिलात नंतर चटण्या, भात, सगळं वेगळं निघालं आणि उगाच वाद झाला.

आर्या_७९:

दोघांचेही मनापासून आभार. दर्यावर्दी, तुमच्या आईचं वाचून मी व्हिलाची ती विंडो बंदच केली. आता नुसा दुआ की जिंबारान एवढंच उरलंय. एका ठिकाणी वाचलं की नुसा दुआला ओहोटीला पाणीच नसतं, नुसते खडक आणि शेवाळ. असं असेल तर सासूबाई पाय कशात सोडणार? आणि जिंबारानच्या लाटा कशा असतात?

निळीशाई:

आर्या, ओहोटीचं मी सांगते, कारण आम्ही नुसा दुआला ६ दिवस राहिलो आणि पहिल्या सकाळी हेच झालं. उत्साहाने ६ वाजता उठून खाली गेलो तर समुद्र पार लांब गेलेला. मध्ये सगळं ओलं, हिरवट समुद्री गवत, मधेच घोट्याएवढ्या पाण्याची डबकी, त्यात छोटे खेकडे आणि काळे साप वाटावेत असे तारामाशांचे हात. माझा चेहरा पडला. दुपारी २ च्या सुमारास जाऊन बघते तर तिथेच कंबरेएवढं निळंशार पाणी! म्हणजे पाणी नसतं असं नाही, कधी असतं ते बघून दिवस आखायचा असतो.

आपण कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढतो ते गणित तिथे लावू नका, तिथला टाइड चार्ट फोनवर मिळतो तो बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं तसंच खाली जाणारं पाणीही जास्त खाली जातं, हे मात्र तिथेही तसंच. तारखा अजून हलवता येत असतील तर त्या पाच दिवसांचा चार्ट आत्ताच काढून बघा, सकाळी ७ ते १० मध्ये भरती असलेले दिवस किती येतात ते कळेल.

आणि एक, नुसा दुआमध्येही सगळी वाळू सारखी नाही. दक्षिणेकडे गेगर नावाचा बीच आहे, वर उंचवट्यावर देऊळ, आम्ही होतो तेव्हा तिथे आत पाणी जरा जास्त टिकायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समुद्राच्या कडेने हॉटेलांच्या पुढून फरसबंद वाट जाते, कित्येक किलोमीटर, एकदम सपाट, झाडांची सावली, मधे बाकं. माझे वडील काठी घेऊन चालतात, ते रोज सकाळी एकटे त्या वाटेने जाऊन यायचे, रस्ता ओलांडायला नको, स्कूटर नको. बालीत बाकी ठिकाणी फुटपाथ म्हणजे मधेच उघडं गटार असतं हे लक्षात घ्या, गुडघ्याच्या माणसाला ती फार मोठी अडचण होते. जिंबारान गावातही तसंच आहे, पुळणीवर छान, रस्त्यावर कठीण.

कंटाळवाणं म्हणणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, पण आपल्या म्हाताऱ्या माणसाला कोणाचा हात न धरता फिरता येणं यात काय ते मला तिथे कळलं.

शिंपला:

निळीशाई, फरसबंद वाटेचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यातच आला नव्हता, आमच्याबरोबर कोणी मोठं माणूस नव्हतं. आर्याताई, जिंबारानच्या लाटांचं विचारलंत, तर उलुवातूच्या मानाने खूपच सौम्य, पण नुसा दुआच्या आतल्या पाण्यासारख्या गप्प नाहीत, लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. गुडघा कच्चा असेल तर एकटं उभं राहणं जमणार नाही, कोणीतरी धरायला लागेल. तुमच्या अटीत ते बसत नाही हे कबूल करतो.

खमंग:

शाकाहारीचं मी सांगते, आमच्याकडे तिघं पूर्ण शाकाहारी होते. नुसा दुआ-बेनोआ पट्ट्यात भारतीय हॉटेलं आहेत, बऱ्याच मोठ्या हॉटेलांत नाश्त्याला इडली-पराठा असंही काही मिळतं, पण बुकिंगआधी मेल करून विचारा. बाहेर खाताना फसगत होते ती भाजीतच, कारण त्यांच्या सांबल चटणीत तेरासी म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, तो डोळ्याला दिसत नाही. गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी, दिसायला एकदम आपलं, पण त्यातही तो असू शकतो. आम्ही एक वाक्य पाठ केलं होतं, तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा तेलूर, म्हणजे कोळंबीचा गोळा नको, मासा नको, अंडं नको. तान्पा म्हणजे शिवाय. एवढं म्हटलं की ती माणसं खूप मनापासून काळजी घेतात, एका आजीने तर स्वयंपाकघरातून बरणी आणून दाखवली की हे घातलेलं नाही. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, कुरकुरीत तळून देतात, सासूबाईंना नक्की आवडेल. जिंबारानच्या मासेवाल्या टेबलांवर मात्र त्यांना भात, भाजी आणि मक्याचं कणीस यापलीकडे काही मिळणार नाही, आणि वासही सहन झाला पाहिजे.

पाऊलवाट:

मधेच घुसतोय, माफ करा. आम्ही मार्चमध्ये जातोय, हेच सगळं लागू होतं का?

दर्यावर्दी:

पाऊलवाट, मार्चला दोन गोष्टी बघा. एक न्येपी. त्यांचं शक वर्ष सुरू होतं, आपल्या पाडव्याच्या आसपासच येतं, त्या दिवशी पूर्ण २४ तास सगळं बंद, विमानतळसुद्धा, रस्त्यावर यायचं नाही, रात्री दिवे मंद. तुमचं विमान त्या दिवशी नाही ना ते तपासा. असेल मधे तर मोठ्या आवाराच्या हॉटेलात राहा, निदान आत हिंडता येतं. आम्हाला एकदा तो दिवस मिळालाय, रात्री इतके तारे मी आयुष्यात पाहिले नाहीत. दुसरं म्हणजे पावसाळ्यात, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी जास्त, पश्चिमेच्या वाऱ्याने जिंबारान-कुटाच्या किनाऱ्यावर कचरा वाहून येतो, मार्चपर्यंत रेंगाळू शकतो. तेव्हाही पूर्वेची बाजू बरी.

घाटरस्ता:

गाडीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. नवऱ्याला सांगा की गाडी करून सगळीकडे जाता येतं पण कधी निघता त्यावर सगळं आहे. उलुवातूकडे जाणारा मुख्य रस्ता अरुंद आहे आणि देवळातला केचक नाच संपला की हजारेक माणसं एकदम त्याच रस्त्यावर येतात. नाच साधारण ६ ला सुरू होतो, सूर्यास्ताच्या उजेडात, बघण्यासारखा आहेच, पण शेवटची पाच मिनिटं सोडून बाहेर पडलात तर अर्धा-पाऊण तास वाचतो. आणि ग्रॅब, गोजेक या ॲपवरच्या टॅक्सीने तिथे जाता येतं पण परत येताना गाडी मिळेलच असं नाही, बऱ्याच जागी स्थानिक ड्रायव्हर बाहेरच्या ॲपवाल्यांना प्रवासी उचलू देत नाहीत, तशा पाट्याच लावल्यात. पाच जण आहात तर त्या दिवसापुरती गाडी ड्रायव्हरसकट दिवसभराच्या भाड्याने घ्या, तो थांबून राहतो.

देवळातली माकडं चष्मे पळवतात हे ऐकलं असेलच. माझ्या मेव्हण्याचा चष्मा डोळ्यावरून, म्हणजे खरोखर डोळ्यावरून, मागून हात येऊन गेला. माकड कठड्यावर बसून काडी चावत होतं, खाली ७० मीटरचा कडा. तिथल्या माणसाने फळ टाकून सोडवला, काडी वाकडी झाली. सासऱ्यांना चष्मा असेल तर दोरी लावा किंवा आत जाताना खिशात ठेवा, आणि हात धरून चाला.

अजून एक, बिंगिनबद्दल जुने व्हिडिओ बघून कोणी तिथे राहायचं ठरवत असेल तर थांबा. कड्याच्या अंगावरची तिथली बरीच गेस्टहाऊस आणि वारुंग सरकारने बेकायदा ठरवून जुलै २०२५ मध्ये पाडायला घेतली, त्याआधीचे फोटो आता खरे नाहीत.

उबुदहून येताना सानूरवरून समुद्रातला टोल रस्ता घ्यायला सांगा, २०१३ साली झालाय, १२ किलोमीटरच्या वर, दोन्ही बाजूंना खारफुटी आणि पाणी, मुलीला मजा वाटेल. तिथे रोख चालत नाही, ड्रायव्हरकडे कार्ड असतं.

आर्या_७९:

सगळं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. माकडाचं ऐकून सासऱ्यांनी लगेच जुन्या चष्म्याची दोरी शोधून काढली. आणि ठरलं! उबुदनंतर ४ रात्री नुसा दुआ, गेगरच्या बाजूला, आणि शेवटची १ रात्र जिंबारान, कारण विमान सकाळचं आहे आणि माशांसाठी आम्ही बाकीचे तडफडतोय. निळीशाई, टाइड चार्ट काढला, आमच्या चार दिवसांपैकी तीन दिवस सकाळी ८ ते १० मध्ये पाणी चांगलं आहे, चौथ्या दिवशी दुपारी. चौथ्या दिवशी सकाळी काय करावं? पायऱ्या नसलेलं काही आहे का?

दर्यावर्दी:

आहे ना, पांडावा बीच! नुसा दुआपासून जवळ आहे, दक्षिण किनाऱ्यावर. पांढरा चुनखडीचा कडा फोडून रस्ता थेट खाली वाळूपर्यंत नेलाय, एक पायरी नाही. आणि त्या फोडलेल्या कड्यात कोनाडे कोरून कुंती आणि पाच पांडवांच्या मोठ्या मूर्ती ओळीने बसवल्यात. ड्रायव्हरला प्रत्येकीपुढे हळू करायला सांगा. माझी आई, जी त्या दगडावर बसून राहिली होती ना, पुढच्या खेपेला मी तिला इथे आणलं. कुंतीसमोर गाडी थांबवायला लावली, काच खाली केली आणि चपला काढून हात जोडले, गाडीतच बसून. मग खाली वाळूपर्यंत गाडी गेली. मेलास्ती बीचलाही असाच रस्ता खाली जातो, वळणं जास्त आहेत. दोन्हीकडे गेटवर तिकीट असतं.

वेळ उरला तर येताना विष्णूची मूर्ती, गरुडावर बसलेली, चौथऱ्यासकट १२१ मीटर उंच, २०१८ ला पूर्ण झाली. आत बरंच चालणं आहे, तिथे सासूबाईंना दमवू नका, मूर्ती रस्त्यावरूनही छान दिसते.

निळीशाई:

अरे वा, छान ठरलं. आर्या, हॉटेलला आजच मेल टाक की तळमजल्याची किंवा लिफ्टजवळची खोली हवी, ही हॉटेलं आडवी पसरलेली असतात, शेवटच्या इमारतीत खोली मिळाली तर नाश्त्याला यायलाच दहा मिनिटं चालावं लागतं. भाव बघताना पुढे दोन अधिक चिन्हं आहेत का बघ, असतील तर २१ टक्के वरून लागतात. आणि बालीचा टुरिस्ट कर दीड लाख इंडोनेशियन रुपिया (आपले रुपये नव्हेत) माणशी असतो तो आधीच ऑनलाइन भरून ठेव, व्हिसाचे पैसे त्याच्याहून वेगळे.

सासूबाईंना रबरी तळाची, मागून पट्टा असलेली सँडल घे, चप्पल नको, गवतावर सटकते आणि प्रवाळाचे तुकडे टोचतात. आणि हॉटेलच्या टॉवेलवाल्याकडे प्लॅस्टिकची हलकी खुर्ची माग, माझ्या वडिलांना त्यांनी ती स्वतः उचलून पाण्यात नेऊन लावून दिली होती, पोटऱ्यांपर्यंत पाणी येईल अशी. बसले की उठायचं नाव घेत नसत.

आर्या_७९:

खुर्ची!! हे मला सुचलंच नसतं. सासूबाई शेजारीच बसल्यात, विचारतायत खुर्चीचे पाय वाळूत रुततात का?

निळीशाई:

थोडे रुततात, बसताना एकाने मागून धरायचं. मग हलत नाही.